समुद्रातली प्रश्नचिन्हे संपत नाहीत; गेम अर्धवट सोडावा काय?

मांजराकाठ (लातूर)

नमस्कार मंडळी. प्रश्न किरकोळ वाटेल, परंतु गेले पंधरा दिवस तो मनातून जात नाही, म्हणून येथे मांडतो आहे.

मी लातुरात एका पतसंस्थेत वसुलीचे काम पाहतो. दिवसभर थकलेल्या हप्त्यांमागे फिरायचे आणि रात्री मुलगी झोपली की साधारण दहा ते साडेअकरा या वेळात लॅपटॉप उघडून गेम खेळायचा, असा माझा क्रम आहे. मागच्या दिवाळीच्या सेलमध्ये ‘द विचर 3’ घेतला. गेम 2015 सालचा, म्हणजे जुनाच. पण माझा लॅपटॉपही जुना असल्यामुळे दोघांचे जमले. पहिले दोन महिने मी त्यात पुरता रमलो होतो. व्हेलेनच्या दलदलीतल्या त्या दरिद्री वाड्या, युद्धाने उजाड झालेली शेते, बायको आणि मुलगी घर सोडून गेल्यावर दारूत बुडालेला तो बॅरन. बॅरनची गोष्ट संपली त्या रात्री मी पुढचे काहीही न खेळता लॅपटॉप मिटवला आणि बराच वेळ गॅलरीत उभा राहिलो.

नंतर स्केलिगेची बेटे आली. ज्यांनी हा गेम खेळला आहे त्यांना ठाऊक असेल की तेथल्या समुद्राच्या नकाशावर प्रश्नचिन्हांचा नुसता सडा पडलेला आहे. होडी काढायची, चिन्हापर्यंत जायचे, वरून झडप घालणाऱ्या सायरन नावाच्या पंखवाल्या राक्षसिणींना बाणांनी पाडायचे, पाण्यात बुडी मारायची आणि चोरट्या व्यापाऱ्यांनी दडवलेली पेटी उघडायची. पेटीत काय, तर माझ्याकडे आधीच असलेल्या तलवारीपेक्षा हलकी तलवार आणि विकल्यास थोडी नाणी मिळतील असा माल. मग पुढचे चिन्ह. रोज चार-पाच पुसतो. मुख्य कथा तीन आठवडे जागची हललेली नाही आणि खेळलेल्या वेळाचा आकडा 94 तासांवर गेला आहे.

गेल्या मंगळवारी एक गोष्ट लक्षात आली. गेम सुरू व्हायला जो वेळ लागतो, तेवढ्यात मी एका वहीत काल पुसलेल्या चिन्हांची संख्या लिहीत होतो, आणि तीही कार्यालयातला वसुलीचा तक्ता ज्या रकान्यांत भरतो अगदी तशाच रकान्यांत. बायकोने ती वही पाहिली आणि विचारले, “हे कोणाचे हप्ते?” मला उत्तर सुचले नाही.

तरीही सोडवत नाही. माझ्या आजीने 1972 च्या दुष्काळात मिलोच्या भाकरी खाऊन दिवस काढले होते, त्यामुळे आमच्या घरात ताटात अन्न टाकणे याहून मोठा गुन्हा नव्हता, आणि ती सवय अन्नापुरती राहिलेली नाही. घेतलेला गेम अर्धवट टाकणे मला उष्टे टाकल्यासारखे वाटते. दुसरीकडे तेवीस गेम घेऊन ठेवलेले आहेत, त्यांतले बहुतेक मी उघडूनही पाहिलेले नाहीत. एखादा गेम आपल्यापुरता संपला हे आपण कशावरून ओळखता, आणि मध्येच उठणे म्हणजे पळ काढणे आहे काय, एवढेच विचारायचे आहे.

पऱ्हाटी (मानवत, जि. परभणी)

वहिनींनी नेमक्या जागी बोट ठेवले आहे, त्यामुळे मला फार काही सांगायचे उरलेले नाही; पण आमच्याकडचे एक उदाहरण द्यावेसे वाटते.

कापसाच्या दोन-तीन वेचण्या झाल्या की डिसेंबर उजाडतो. झाडाचा जोर सरलेला असतो, तरी शेंड्याला पाते दिसते, एखादे फूल दिसते, आणि विहिरीला पाणी असेल तर शेतकऱ्याला मोह आवरत नाही. तो पुन्हा एक पाणी देतो, खत टाकतो आणि पीक आणखी दोन-तीन महिने उभे ठेवतो. यालाच फरदड म्हणतात. हाती काय लागते, तर थोडासा कवडी, म्हणजे किडका-डागाळलेला कापूस, ज्याच्या भावात वेचणीची मजुरीही जेमतेम निघते. त्याहून वाईट म्हणजे गुलाबी बोंडअळीला उन्हाळ्यापर्यंत खायला मिळत राहते आणि ती पुढच्या हंगामाच्या कापसावर येऊन बसते. फरदड घेऊ नका असे कृषी खाते दर वर्षी सांगते आणि दर वर्षी कोणी ना कोणी घेतोच, कारण हिरवे झाड उपटायला हात धजावत नाही. मी स्वतः दोनदा घेतली आहे. आपल्या समुद्रातल्या पेट्या मला फरदडच वाटतात. मुख्य वेचणी बॅरनच्या गोष्टीत झाली. आता जे चालले आहे त्याने कापूस तर मिळत नाहीच, शिवाय पुढच्या तेवीस गेमांची गोडीही आधीच कुरतडली जाते.

हे मी कशावरून बोलतो तेही सांगतो. मी ‘युरो ट्रक सिम्युलेटर 2’ नावाचा गेम चार वर्षे खेळलो. दिवसभर ट्रॅक्टरवर बसणारा माणूस रात्री ट्रक चालवतो म्हणून घरचे हसायचे, ते असो. या गेमला शेवट असा नाहीच. सुरुवातीला दुसऱ्याचा ट्रक चालवायचा, मग कर्ज काढून स्वतःचा घ्यायचा, मग गॅरेजे विकत घेऊन पगारी ड्रायव्हर ठेवायचे. जोवर मी स्वतः चालवत होतो, पावसात ओल्या रस्त्यावर पडणारे दिव्यांचे प्रतिबिंब पाहत होतो, रात्री पेट्रोल पंपावर गाडी लावून झोपत होतो, तोवर मजा होती. पुढे ड्रायव्हर इतके झाले की मी गेम उघडायचो तो फक्त कोणी किती कमावले ते पाहायला.

एका रात्री खेळताना लाईट गेली. माझा डेस्कटॉप, बॅटरी काही नाही, सगळे जागच्या जागी बंद. एरवी मी वीज मंडळाच्या नावाने खडे फोडले असते. त्या रात्री मात्र मला चक्क हायसे वाटले. खुर्चीतून उठलो, अंगणात बाज टाकली आणि झोपलो. दुसऱ्या दिवशी लाईट आल्यावरही मी तो गेम उघडला नाही. तेव्हापासून हीच माझी कसोटी आहे: मध्येच लाईट गेली तर मनाला काय वाटते, चुटपुट की सुटका. आपल्या लॅपटॉपला बॅटरी असल्यामुळे ही सोय आपल्याला नाही, तेव्हा कल्पना करून पाहा.

वेरूळची वाट (छत्रपती संभाजीनगर)

मी पाच वर्षे पुण्यात गेमच्या चाचणीचे काम केले आहे, म्हणून पडद्यामागची थोडी माहिती देतो.

मोठा खुला नकाशा असलेला गेम बनवताना सगळ्यात मोठी भीती ही असते की खेळणारा भलत्याच दिशेला गेला आणि त्याला बराच वेळ काहीच सापडले नाही, तर तो कंटाळून निघून जाईल. कोण कोणत्या बाजूला जाईल हे आधी सांगता येत नसल्यामुळे सगळ्याच बाजूंना काहीतरी पेरून ठेवावे लागते. प्रत्येकाने ते सगळे वेचावे अशी बनवणाऱ्याची अपेक्षा नसते. जो जिकडे जाईल त्याला वाटेत चार-दोन गोष्टी भेटाव्यात एवढाच हेतू असतो. घोळ होतो तो त्या पेरलेल्या प्रत्येक गोष्टीवर नकाशात चिन्ह छापल्यामुळे, कारण चिन्ह दिसले की वाटेत भेटणारी गोष्ट बाकी राहिलेले काम होऊन बसते.

याचे सगळ्यात गमतीदार उदाहरण निन्टेन्डोच्या 2017 सालच्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये आहे. त्या जगात कोरोक नावाच्या वनदेवतांच्या 900 बिया दडवलेल्या आहेत. सामान ठेवण्याची सगळी जागा वाढवून घ्यायला त्यांतल्या 441 पुरतात. ज्यांनी हट्टाने 900 गोळा केल्या त्यांना बक्षीस म्हणून काय मिळते, तर सोनेरी रंगाचा, सरळ सांगायचे तर, शेणाच्या पोवासारखा दिसणारा एक गोळा, ज्याचा एका नाचापलीकडे कशालाही उपयोग नाही. बनवणाऱ्यांनी इतक्या उघडपणे थट्टा केल्यावरही लोक बिया वेचतच आहेत.

पूर्णत्वाचे हे वेड सगळे आपल्या स्वभावातले आहे असेही समजू नये. पूर्वी गेममध्ये फार तर गुण असत. 2005 साली एक्सबॉक्स 360 या गेम खेळायच्या यंत्राने प्रत्येक गेमसाठी पराक्रमांची यादी आणली, 2008 साली प्लेस्टेशन या दुसऱ्या यंत्राने चषक आणले, आणि सगळे चषक मिळाले की वर एक प्लॅटिनम. तेव्हापासून खेळणाऱ्याच्या नावापुढे टक्केवारी लागली. आपण वसुलीचे काम करता, त्यामुळे टक्केवारी दिसली की ती शंभर करण्याची सवय आपल्याला अधिकच असणार, हा दोष नव्हे, धंद्याचा गुण आहे. फक्त तो घरी आणू नये.

तेवीस गेमांबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात गेम घेतल्यापासून 14 दिवसांच्या आत आणि 2 तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मागता येतात. तेव्हा सेलमध्ये घेतलेला गेम वर्षभर न उघडता ठेवण्यापेक्षा त्याच आठवड्यात तासभर खेळून पाहावा. पटला नाही तर परत करावा. ताट वाढून घेण्याआधीच चव कळलेली बरी.

गोदातीर (नांदेड)

वरील दोन्ही प्रतिसाद चांगले आहेत, पण माझे मत वेगळे आहे. फरदडीचे उदाहरण मला अर्धेच पटले. कापसाला गोष्ट नसते. ‘विचर’ला आहे, आणि तिचा शेवट तुम्ही अजून पाहिलेला नाही.

1995 च्या सुमारास आम्ही नांदेडला एका संगणक वर्गात ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ खेळायचो. राजकन्येला सोडवायला गेमच्या आत बरोबर 60 मिनिटे मिळत आणि वर्गात आमची पाळीही एका तासाचीच असे. संगणक सुरू होऊन गेम पडद्यावर येईपर्यंत त्या तासातली चार-पाच मिनिटे गेलेली असत, म्हणजे आमची राजकन्या खेळ सुरू होण्याआधीच मेलेली. गेम मध्येच जपून ठेवता येतो हे आम्हाला कोणी सांगितलेच नव्हते. आठव्या टप्प्याच्या आसपास मला त्या गेमचा इतका वीट आला होता की मी महिनाभर वर्गात फिरकलो नाही. पुढे सरांच्या हातापाया पडून लागोपाठ दोन पाळ्या मिळवल्या आणि तीन मिनिटे शिल्लक असताना तो संपवला. माझी पन्नाशी उलटली आहे, तरी ती तीन मिनिटे मला अजून आठवतात. महिनाभर आलेला तो वीट खरा मानून मी उठलो असतो तर ती मिळाली नसती.

दुसरे असे की कंटाळा नेहमी गेमचाच असतो असे नाही. फेब्रुवारी संपत आला आहे, मार्चअखेर तोंडावर आहे, आणि वसुलीच्या माणसाला या दिवसांत कशाचीच गोडी वाटत नाही. रात्री साडेअकराला थकलेल्या डोळ्यांनी हा निर्णय घेऊ नका. रविवारी सकाळी चहा घेऊन तासभर खेळा आणि मग ठरवा. समुद्रातल्या पेट्या सोडा, त्याबद्दल वाद नाही. कथा सोडू नका.

बालाघाट (अंबाजोगाई)

गोदातीर काकांचे म्हणणे मला पटते, पण त्यांच्या आणि मांजराकाठ दादांच्या अडचणीत एक फरक आहे. काका अडले होते आणि दादा अडलेले नाहीत. अवघड म्हणून बाजूला ठेवणे ही निराळी गोष्ट आहे, आणि काही गेम तर ते मुद्दाम शिकवतात. 2022 च्या ‘एल्डन रिंग’मध्ये मोकळ्या रानात पाऊल टाकताच सोनेरी चिलखतातला एक घोडेस्वार दिसतो आणि नवख्या माणसाला दोन फटक्यांत आडवा करतो. त्याला तेथेच सोडून दुसरीकडे जायचे, अंगात बळ आणायचे आणि मग परत यायचे, हाच तेथला पहिला धडा. दादांच्या पेट्यांत अवघड काही नाही. सगळ्या उघडता येतात, हीच तर अडचण आहे.

सोडण्याचा आणखी एक प्रकार मला ठाऊक आहे, जो माझ्यावर लादला गेला. मी शिक्षिका आहे. माझे दोन चुलतभाऊ, कॉलेजातली एक मैत्रीण आणि मी असे चौघे मिळून पब्जी खेळायचो. 2 सप्टेंबर 2020 रोजी बंदी जाहीर झाली आणि 30 ऑक्टोबरला भारतातल्या खेळाडूंसाठी तो पूर्ण बंद झाला. टाळेबंदीच्या त्या दिवसांत आम्ही शेवटच्या रात्री बंदूकही न उचलता नुसते त्या नकाशावर भटकत गप्पा मारत बसलो होतो. पुढे जुलै 2021 मध्ये नव्या नावाने गेम परत आला तेव्हा भावांनी मला बोलावले, मी उतरवून घेतला, दोन सामने खेळले आणि काढून टाकला. मला त्या गेमची आठवण येत नव्हती, त्या चार आवाजांची येत होती. आता आम्ही रविवारी फोनवर बोलतो, आणि नेमबाजीत मी किती कच्ची होते हा विषय अजूनही निघतोच.

कोणी याला व्यसन म्हणेल म्हणून सांगते, तसे वाटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात गेमिंगचा विकार 1 जानेवारी 2022 पासून लागू झाला आहे, पण तेथे अपेक्षित आहे ते खेळण्यावरचा ताबा सुटणे, इतर सगळ्या गोष्टी मागे पडणे आणि नुकसान होत असतानाही न थांबणे, आणि तेही साधारण वर्षभर. दीड तास खेळून ठरल्या वेळी लॅपटॉप मिटणारा माणूस त्यात बसत नाही.

राहिली आजींच्या ताटाची गोष्ट. माझ्याही आजीकडे हाच नियम होता. पण पंगतीत वाढपी जिलबी घेऊन पुन्हा पुन्हा येत असेल तर तीच आजी ताटावर हात आडवा धरायला शिकवायची. वाढून घेतलेले टाकायचे नाही हे खरे, पण तो वाढतोच आहे म्हणून खातच राहायचे असे तिने कधीही म्हटले नाही.

मांजराकाठ (लातूर)

सर्वांचे आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण मार्च.

गोदातीर काकांनी सांगितल्याप्रमाणे रविवारी सकाळी बसलो. वही आधीच मुलीला चित्रे काढायला दिली होती; तिने माझ्या रकान्यांत मांजरी काढल्या आहेत. होडी किनाऱ्याला लावली आणि कथेची वाट धरली. आश्चर्य असे की दुसऱ्याच दिवशी रात्री पुन्हा पहिल्या दोन महिन्यांसारखे वाटू लागले. मार्चमुळे मधल्या कित्येक रात्री लॅपटॉप उघडताच आला नाही, तरी एकूण नऊ रात्रींत कथा संपली. शेवट काय झाला ते लिहीत नाही, कारण येथे कोणाचा राहिला असेल. पण जो शेवट माझ्या वाट्याला आला तो माझ्याच पूर्वीच्या निर्णयांमुळे आला आणि त्यातला एक निर्णय मी फारसा विचार न करता घेतला होता, हे मला बराच वेळ लागत राहिले. स्केलिगेच्या समुद्रात प्रश्नचिन्हे आहेत तशीच आहेत.

पऱ्हाटी दादांची लाईटची कसोटीही करून पाहिली. एका रात्री बॅटरी मुद्दाम संपू दिली. ऐन लढाईत पडदा काळा झाला तेव्हा तोंडून जे निघाले ते ऐकून बायको उठून बाहेर आली, त्यावरून कथा सोडायची वेळ आलेली नव्हती हे कळले. आता मात्र खोटे बोलत नाही: ग्वेंटचा पत्त्यांचा डाव मला अजून सोडवत नाही. काल गेम उघडून एका सरायवाल्याशी दोन डाव खेळलो आणि बंद केला. त्याची नोंद कोठेही केलेली नाही.

एक शेवटचे विचारतो. याच गेमचा ‘ब्लड अँड वाइन’ हा 2016 सालचा मोठा पुढचा भाग माझ्याकडे सेलमध्ये सोबतच आलेला आहे. नवा प्रदेश, द्राक्षमळे, सगळे फार सुंदर आहे म्हणतात. लगेच सुरू करावा काय?

पऱ्हाटी (मानवत, जि. परभणी)

लगेच नको. मी परवा पऱ्हाट्या उपटून नांगरट केली आहे. मे महिनाभर रान उन्हात तापू देणार, म्हणजे जमिनीत दडलेले बोंडअळीचे कोष मरतील. आपणही मृगापर्यंत थांबा. तोवर त्या तेवीसांतला एखादा लहानसा, पाच-सहा तासांत संपणारा गेम काढा, आणि कोणता काढला ते येथे सांगा, मलाही उन्हाळ्यात काहीतरी लागणारच आहे.